सोपे अर्थ

साइनशांदच्या दक्षिणेला, गोबीच्या वाळूत
आमची निवासी शाळा. दर सोमवारी
बुटांच्या खोक्यांचे मी पुठ्ठे कापते,
वर एकेक इंग्रजी शब्द, खाली त्याचा अर्थ.
अर्थ सात-आठ शब्दांत बसायला हवा,
नाहीतर मागच्या बाकावर त्सेरेनपिल घोरायला लागतो.

स्पून सोपा गेला. डोअरही.
विंटरला तर अर्थ लागलाच नाही,
सगळ्यांनी नुसतं खिडकीकडे बोट केलं.

नेबरपाशी गाडं अडलं.
शेजारच्या दारात राहणारा माणूस, असं मी लिहिलेलं.
"शेजारचं दार म्हणजे किती लांब?"
सुगारमानं विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच.
त्यांच्या तंबूपासून सगळ्यात जवळची चूल
घोड्यावरून अर्ध्या दिवसावर.
मी खोडलं. लिहिलं: ज्याच्या चुलीचा धूर दिसतो, तो.
परीक्षेत याला शून्य मिळेल, माहीत आहे.

आणि मग होम.
तुम्ही राहता ती जागा.
इतका साधा अर्थ, मी दुसऱ्यांदा वाचलाही नव्हता.

न्यामजाव उठला. सात वर्षांचा,
यंदाच आलाय, अजून बूट उशाशी घेऊन झोपतो.
म्हणाला, "जागा तर चार आहेत, बाई,
वसंतातली, उन्हाळ्यातली, पुढच्या दोन.
गेर एकच आहे. उंटावर घालून नेतो आम्ही.
मग होम कुठलं?"
"गेर," मी म्हटलं.
"पण राहतो तर मी इथे."

कुणी हसलं नाही.
शेगडीत शेणी ढासळली तेवढा आवाज झाला.
मी घड्याळाकडे पाहिलं
आणि पाच मिनिटं आधीच घंटा दिली.

संध्याकाळी पुठ्ठे मोजले तर एक कमी.
रात्री दिवे मालवायला गेले तेव्हा सापडला,
न्यामजावच्या डाव्या बुटात, खाली वाकून दडवलेला.
वरचा शब्द तसाच होता.
अर्थ मात्र कात्रीनं सरळ रेषेत कापून काढलेला;
ती पट्टी शेगडीजवळ, उद्याच्या पेटवणात.

पुठ्ठा मी परत बुटात सरकवला.
नवा केला नाही.
पेटीत आता एकोणचाळीस शब्द आहेत,
आणि तपासणीला साहेब आले की सांगायला
एक उंदीर.