एकतीस पिना

आठशे गाडी. तीन मालक झाले, चौथी मी.
मे महिन्यात दुपारभर उपकेंद्राबाहेर तापली
आणि छताचं कापड सुटलं.
आधी मागच्या काचेशी, भाकर फुगावी तसं,
मग पुढे सरकत सरकत
माझ्या अंबाड्यावर येऊन टेकलं.

दवाखान्यातली चिकटपट्टी लावून पाहिली.
जखमेवर तीन दिवस टिकते,
इथे बारा वाजेपर्यंतही नाही.
मग पिना. पदराच्या, ओढणीच्या, मशीनच्या डब्यातल्या,
पुठ्ठ्यात तिरप्या खुपसल्या, जिथे जिथे लोंबत होतं तिथे.

मैनाबाई आत्रामला रात्री घाटंजीला आणलं
तेव्हा ती मागच्या सीटवर आडवी,
आतला दिवा लावून ठेव म्हणाली,
आणि कळ आली की वर बघत पिना मोजायची, मोठ्यानं.
एकतीसला संपायच्या. पुन्हा एकपासून.
सतराव्या पिनेवर रुग्णालयाचं फाटक आलं.
कितव्यांदाची सतरावी, ते मी मोजलं नाही.

इस्राईलभाईचं दुकान बसस्टँडमागे.
ट्रॅक्टरच्या सीटा, ऑटोचे हुड.
बाप कापूस पिंजायचा; त्याची धनुकली अजून भिंतीवर,
तिला रेक्झिनचे नमुने लटकवलेले.
कापड दोन बोटांत धरून म्हणाला,
"सिस्टर, वरतून कितीही गोंद मारा.
गोंद फोमले धरते. फोमच मेला."

दिवा काढला, पट्टे सोडले,
अख्खं छत मागच्या दारातून तिरपं करून बाहेर,
खोलीतून बाज काढतात तसं.
कापड ओढलं आणि जुना फोम उडाला, पिवळा भुगा,
इस्राईलभाई हळद लावून आल्यासारखा दिसू लागला.
ब्रशनं खरवडत राहिला, पुठ्ठा उघडा होईस्तोवर.
गोंद लावून बिडी पेटवायला लांब जाऊन बसला.
"वास उडू द्या. ओला गोंद खोटं बोलते."
मग नवं कापड, मधून कडेकडे, तळहातानं,
मी पोट तपासते तसं, न दाबता.

करडं नव्हतं. बदामी होतं, बारीक ठिपक्यांचं.
चालेल म्हटलं.

त्याचा पोरगा पिना डबीत टाकत होता. तीस.
पुन्हा मोज रे.
तीसच.

आता मान ताठ धरून चालवता येते.
तरी नाल्याच्या पुलावर, खड्ड्याशी,
ती आपोआप झुकते. वर काही लागत नाही.
आरशात मागची काच पूर्ण दिसते:
साग, धूळ, सायकलवरचा कोणी.

परवा डोस द्यायला गेले.
मैनाबाईच्या लेकीच्या टोपड्याला
एक पिन, टोकाशी गंजलेली.
मी पिशवीतून नवी काढून दिली.
तिनं घेतली, स्वतःच्या पोलक्याला लावली.
जुनी होती तिथेच राहू दिली.