शेवटचा खेळ, उदगीर

हिंदीत डब केलेला, परग्रहावरचा.
साडेनऊच्या खेळाला एकेचाळीस माणसं,
मी धरून. माझ्या हातात बॅटरी.

पडद्यावर एकसारखी घरं, एकसारखं गवत,
कुंपण कुठंच नाही.
"सातबारा कुणाच्या नावानं असंल?"
प्लॉटिंगवाले शिवलिंगअप्पा अंधारात बोलले.
मग तिथली लाईट गेली
आणि इकडं पोरं शिट्ट्या मारून हसली:
एवढ्यावर कोण भेतंय रे!

ते आले. लांब बोटं, डोळ्यांना पापणी नाही.
बाल्कनीतून आवाज, "ह्याला भगर बाधली वाटतं."
पुन्हा हशा.
शाहेदाबी तेवढी ओढणीआडून म्हणाली,
"त्या घरातलं लेकरू कुठाय? मघापासून दिसंना."

नंतर त्यातल्या एकानं
नवऱ्याचा आवाज घेतला, दार वाजवलं,
म्हणाला, मीच आहे.
बाई कडीला हात लावून उभी.
खुर्च्यांची करकर थांबली.
शेंगदाण्याची पुडीसुद्धा कुणी वाजवली नाही.

सुटल्यावर टपरीवर सगळ्यांचं एकच:
पैसे पाण्यात, काही दम नव्हता.
तरी अप्पांनी चहा दोनदा घेतला,
आणि पोरं घोळक्यानंच निघाली.

बायपासच्या कॉलनीत माझं घर सव्विसावं.
पंचवीस, सत्तावीस तसंच, त्याच रंगाचं.
दार वाजवलं.
आतून महानंदा, "कोण?"
"मी."

कडी निघायला
आज जरा वेळ लागला.
तिनं तर सिनेमा बघितलेलाही नाही.