आतली केबिन

करामातल्या त्या ऑफिसात एसी इतका
की मी ओढणी कानांवरून घेतली.
मारिसेलनं चार पुस्तिका पत्त्यांसारख्या पसरल्या.
ही पोराबाळांची, हिच्यात घसरगुंडी आहे.
ही शांत, पण गाणी जुनी.
हिच्यात जेवण धरून, फक्त पाण्याची बाटली वेगळी.
हिच्यात बक्षिसी आधीच कापतात, माणशी, रोजची.
मासे मिळतील, कांद्याशिवायचंही मिळेल.
"सर, मॅडम, तुम्हाला नक्की काय हवंय?"

तू चष्मा कपाळावर चढवलास.
(बोलताना मी 'अहो' म्हणते. इथे, कागदावर, तू.)
चित्रातलं पाणी जिथून सुरू होतं
तिथे बोट ठेवलंस.
"हिका मी वळाखतंय.
दोन हजार अकराच्या रमजानात डॉकात होती,
बुडाला कालवं अशी, की कोयतीच हवी.
हिचा उजवा पंखा आम्ही बदलला.
आणि ही?
हिच्या मालकानं रात्रपाळी बुडवली. ही नको."

मारिसेल हसली,
तिच्या कॉम्प्युटरात असा रकाना नव्हता.

मग खोल्यांवरून आपलं भांडण.
बाल्कनीला साडेसातशे दिरहॅम जास्त.
मी म्हटलं, जाऊ दे, एकदाच.
अठ्ठावीस वर्षं अल कुसैसच्या खिडकीतून
मी समोरच्या इमारतीचे एसी मोजले,
आता समुद्र विकत मिळतोय तर तो तरी घेऊ.
तू म्हणालास, आतली. सगळ्यात खालची.
खिडकी नसलेली.
घरी पोचेपर्यंत मी बोलले नाही,
मेट्रोत उभी राहिले, जागा असून.

मिना रशीदला पासपोर्ट घेऊन गळ्यात कार्ड अडकवलं.
सात लहान भोंगे, एक लांब,
आणि नारिंगी जाकिटातली अडीच हजार माणसं
शाळेसारखी रांगेत.
विशीतला एक मुलगा तुला पट्टा कसा ओढायचा ते शिकवत होता,
तुला, कोळंबच्या खाडीत
दोन सुके नारळ पोटाला बांधून तरलेल्या.
तू निमूट शिकलास. "थँक्यू" म्हणालास.

पुस्तिकेत नसतं ते सांगते, कुणी जाणार असेल तर:
टॉवेलचा हत्ती करून ठेवतात, तो मोडवत नाही.
लिफ्टमधल्या गालिच्यावर वार विणलेला असतो,
रोज रात्री कुणीतरी तो बदलतं.
पहिल्या दिवशी माणूस चार वेळा जेवतो
आणि तिसऱ्या दिवशी आमटी-भात मागतो.
फोन लागत नाही. लागला तर परवडत नाही.
आणि आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला
की आपला हात आपल्याला दिसत नाही.

तसाच काळोख, दोह्याच्या अलीकडे कुठेतरी.
जाग आली तर तू शेजारी नाहीस.
दिवा लावला.
बनियनवर, अनवाणी,
भिंतीला दोन्ही तळवे आणि एक कान लावून उभा,
गाभण म्हशीला लावावा तसा.
"काय झालं?"
"आयक."
मला काही ऐकू येईना. वर कुठेतरी नाच चालला होता.
"डॉकात सगळी गप आसतत गो," म्हणालास,
"तीस वर्सात एकव चलताना
आतसून आयकूक नाय मी."

मीही हात टेकला.
भिंत कोमट होती, थोडी थरथरत होती,
की तूच.

सकाळी गालिच्यावर गुरुवार.
व्हिसाचे एकोणीस दिवस बाकी.
माझ्यासाठी म्हणून तू वर आलास, डेकवर,
सगळे क्षितिजाचे फोटो काढत होते
आणि तू कठड्यावरून सरळ खाली वाकून
पांढरा रंग संपून लाल सुरू होतो ती रेघ
पाणी उघडझाप करत होतं, तिकडे बघत राहिलास.
मी तुझा सदरा मागून धरून ठेवला.