फुंकर

सारेमा बेटावर, माशांच्या डब्यांच्या कारखान्यात
लेइदा बावीस वर्षं झाकणं बसवत होती.
पहिलं शिल्प त्याच झाकणांचं. हललंच नाही.
दुसरं इतकं कुरकुरलं, की शेजारच्या पास्टरने
तेलाची बुधली धाडली.
तिसऱ्यापासून वारा तिच्याकडे कामाला लागला.

मग बर्लिन, ओसाका; पाठीवर पोतं,
पोत्यात तारा, पाती, एक कानस.
तोल म्हणजे काय, कुणी विचारलं.
“पडायचं राहून गेलेलं,” म्हणाली.

आता हात कापतो. डाग देता येत नाही.

तालिनच्या संग्रहालयात काचेआड
तिची चाळीस झाकणं गप्प.
दारं लागल्यावर पहारेकरी हेइनो
काच सरकवतो, मागे बघतो,
आणि पोळलेल्या बोटावर घालावी तशी,
हळूच,
एकदा.