दान

डॉक्टर म्हणाली, ठिपका आहे. कसला,
ते आत्ता सांगता येत नाही. तीन महिन्यांनी बघू.
कुताइसीहून परतताना झाझाच्या गाडीचं दार
दोरीनं बांधलेलं, आणि नोदार ती दोरी
घाट संपेपर्यंत धरून बसलेला.

तीन महिने म्हणजे किती, हे मी गाईला विचारलं.
तिची धार आता त्सिआला काढते;
मला विचारलं नाही, बादलीच घेऊन गेली.
कुणी अक्रोड फोडून ठेवतं, कुणी सरपण.
आजाराचं नाव मात्र कुणी घेत नाही.
झोपलेल्या कुत्र्याजवळून जावं तसे
सगळे हलक्या पावलांनी येतात.

मुर्मान रोज रात्री सोंगट्या घेऊन येतो
आणि हरतो.
चाळीस वर्षांत कधी न हरलेला माणूस
सलग अकरा रात्री हरला.
नोदार जिंकायचा, आणि त्याचा चेहरा पडायचा.

काल मात्र मुर्माननं बाह्या सरसावल्या,
फासे घोळवले, दान मागितलं सहा-सहा,
आणि पडलंही.
वाट अडवली, एक सोंगटी सुटू दिली नाही.
"चोरा! फासे दाखव!" नोदार ओरडला,
इतक्या मोठ्यानं की त्सिआला
ओल्या हातांनी धावत आली.

ऑगस्टपासून पहिल्यांदा
घरात कुणीतरी खरं भांडत होतं.

परसात पुरलेल्या रांजणात यंदाची वाइन आहे.
ती कशी झाली, तेही वसंत येईपर्यंत कळायचं नाही.
"उद्या ये," नोदार म्हणाला, "उद्या बघतो तुला."
मुर्माननं पट मिटला नाही.
तसाच ठेवून गेला.