टक्कल खिडकीकडे

बाबा झाड आणायचे ते नेहमी उरलेलं.
केप ब्रेटनच्या रानातली सरळ झाडं
ट्रकांत बसून हॅलिफॅक्सला गेली की मग
तेवीस डिसेंबरला, अंधार पडता पडता,
हरणांनी एका अंगानं खाल्लेलं
किंवा थोरल्या झाडाच्या सावलीत मान वाकडी करून वाढलेलं
एखादं बाल्सम
लॉबस्टरच्या पिंजऱ्याच्या दोरानं गाडीला करकचून बांधून
ते दारात उभे.
'ह्याला कोण नेणार होतं?' म्हणायचे,
जणू थांब्यावर विसरलेलं कुणाचं पोर घरी आणलंय.

आईचं वाक्य ठरलेलं:
'रोरी, हे झाड पडेल.'
आणि ते पडायचं.
एकदा मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून परतलो
तर सोफ्यावर आडवं, पाहुण्यासारखं,
त्याच्या काखेत मांजर.
तेव्हापासून चौकटीत एक खिळा,
खिळ्यापासून शेंड्यापर्यंत मासेमारीची तंगूस.
ती दिसायची नाही. चालताना आम्ही सगळे
तिथं आपोआप वाकायचो.

टकली बाजू लोक भिंतीकडे करतात.
बाबा खिडकीकडे करायचे.
रस्त्यावरून मिसेस बुद्रो हसत जायच्या.
'लोकांना टक्कल, आपल्याला झाड,' असं म्हणून
बाबा टोपी काढायचे
आणि स्वतःचंही दाखवायचे खिडकीला.

मग खोका उघडायचा.
अंड्यांच्या ट्रेची घंटा, तिच्यावर लॉकीनं
स्वतःचंच नाव चुकवलेलं.
तीन पायांची मेंढी.
बरणीच्या झाकणात मी, पुढचे दोन दात नसलेली.
दिव्यांची माळ, निम्मी जागी निम्मी झोपलेली.
आणि सगळ्यात तळाशी, टिशूत, एफीचा मोजा.
आमची एफी चार महिन्यांची होती.
दुसरा मोजा तिच्या पायात गेला.
ह्याला आई फांदी शोधायची नाही,
टकलाच्या ऐन मधोमध, उघड्या बुंध्यालाच बांधायची,
लाल लोकरीचा, अंगठ्याएवढा.
रस्त्यावरून पहिल्यांदा तोच दिसायचा.
मिसेस बुद्रोंना तो कधी दिसला, ठाऊक नाही.
एका वर्षापासून त्या हसायच्या थांबल्या.

यंदा बाबांचा खुबा मोडला.
लॉकी अल्बर्टाहून आला, खिशात तेलाचे पैसे,
आणि दुकानातून झाड घेऊन आला:
सात फूट, सरळसोट, चहूबाजूंनी भरलेलं,
लोखंडी पाय, वर हमीचा कागद.
बाबांनी खुर्चीतून पाहिलं.
'छान आहे,' म्हणाले.
दातांच्या डॉक्टरनं आरसा पुढे धरला होता
तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

घंटा टांगली, ती पानांत बुडाली.
मेंढी कुठेतरी आत चरायला गेली.
मी माझे न आलेले दात शोधत राहिले.
आई मोजा हातात घेऊन
झाडाभोवती एक फेरी, दुसरी फेरी,
तिसऱ्या फेरीला थांबली.
'उभं आहे,' म्हणाली, 'पण बसत नाही.'
आणि तो मोजा अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवून
बटाटे सोलायला निघून गेली.
लॉकी हमीचा कागद वाचत होता.
त्यात ह्याबद्दल काही नव्हतं.

रात्री मला कसलीशी करकर ऐकू आली.
वाटलं, बंदरात बर्फ सरकतोय.

सकाळी खिडकीच्या बाजूला
चार फांद्या नव्हत्या.
काप ओबडधोबड, हात थरथरणाऱ्याचा,
त्यांतून डिंक ओघळत होता.
बाबा खुर्चीत, डोळे मिटून, फारच गाढ झोपलेले.
वॉकरच्या चाकांत हिरव्या सुया,
सपातांवर भुसा.

लॉकी काही बोलला नाही.
खाली बसून त्यानं एक एक सुई वेचली.
आईनं हात पुसले, खिशातून मोजा काढला,
बुंध्याला दोनदा गुंडाळून गाठ मारली,
दोन पावलं मागे सरली.
'रोरी,' ती म्हणाली, 'हे झाड पडेल.'

बाबांनी डोळे उघडले नाहीत.
'खिळा आहे की तिथंच,' म्हणाले.
'तंगूस आणा.'