दगडांची जागा

बाबा एकोणीस वर्षांचे होते तेव्हा
नदीतले दगड सुरुंगाने उडवायचं काम त्यांना मिळालं.
बर्फ फुटलं की वरच्या जंगलातून
पाइनचे ओंडके यायचे, हजारोंनी,
ते कुठे अडायला नकोत,
म्हणून नदी हवी होती सरळ,
पन्हळीसारखी.
पगार बरा होता. बूट मिळायचे.

आता ते चौऱ्याऐंशीचे.
दगड काठावरच पडून आहेत शेवाळाखाली,
काहींच्या पाठीवर भूर्ज उगवलेत.
पिह्लाच्या नकाशात नदीची रुंदी आहे, उतार आहे,
पाण्याचा वेग दशांशासकट.
दगड कुठे होते ते नाही.
ते बाबांना तोंडपाठ.

"तो कुबडा, डाव्या अंगाला. नाक वर.
नाही, असा नाही. कुशीवर निजायचा तो."
पोकलेनवरचा वेइक्को हसतो, पण फिरवतो.
दगड बसतो.
पासष्ट वर्षं नुसतं जाणारं पाणी
तिथे जरा घुटमळतं.

मी पालथी, काचेच्या बुडाची बादली पाण्यात धरून
शिंपले मोजते.
दोनशे बारा.
काळे, अर्धे वाळूत रुतलेले, ओठ किंचित उघडे,
बहुतेक बाबांहून थोर.
त्यांनी सुरुंग ऐकलेत.
लहान एकही नाही.

शिंपल्याचं पोर पहिला हिवाळा
ट्राउटच्या कल्ल्यात काढतं.
ट्राउटला अंडी घालायला खडी लागते,
खडीला थांबायला दगडाचा आडोसा.
हे तेव्हा बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.
बूट मिळायचे.

एक दगड सापडेना. घोडी.
तिला दोनदा सुरुंग लावावा लागला होता, म्हणाले,
आणि गप्प झाले.
शनिवारी सौनात
ओगराळं हातात धरून बसून राहिले,
पाणी ओतलंच नाही.

सकाळी पाहिलं तर सौनाची चूल रिकामी,
आणि बाबा हातगाडी ढकलत उताराला लागलेले,
गाडीत एकतीस तुकडे,
काजळीने काळे, तडकलेले,
आमच्या सगळ्यांच्या घामाचे.
"हे आराखड्यात नाही, आर्मास," पिह्ला म्हणाली.
मग जरा वेळाने,
तिने स्वतःच एक उचलला.

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले.
पहिला तुकडा सोडला
आणि मान मागे घेऊन थांबले,
सवयीने,
वाफेसाठी.

ऑक्टोबरात घोडीच्या मागे, खडीत,
दाराएवढा एक फिकट चौकोन दिसला.
ट्राउटच्या मादीने शेपटीने उकरलेला.
मी धावत घरी जाऊन सांगितलं.
"आणि शिंपले?"
"पोरं वाळूत पुरलेली असतात. दिसायला दहा वर्षं लागतात."

ते खिडकीबाहेर बघत होते.
बोटांवर काही मोजलं, की नुसतीच बोटं हलली,
कळलं नाही.
मग म्हणाले,
"तो कुबडा अजून वीतभर उजवीकडे हवा होता.
वेइक्कोला फोन लाव."